काय वगळायचं? डमडमहून, एका छोट्या लॅपटॉपविषयी



डमडम म्हटलं की आपल्या माणसाला आधी गोळी आठवते. १८९० च्या दशकात इथल्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी मऊ टोकाची गोळी तयार केली, १८९९ च्या हेग परिषदेत तसल्या गोळ्यांवर बंदी आली, आणि गावाचं नाव कायमचं शब्दकोशात जाऊन बसलं. त्याआधी बंगाल आर्टिलरीचं मुख्यालय इथे होतं. १८५७ च्या जानेवारीत काडतुसांच्या चरबीची कुजबुज सुरू झाली तीही इथेच. यावर खूप लिहून झालंय, या ब्लॉगवरही होईल कधीतरी. आजचा विषय वेगळा आहे.

आमच्या लंगरात गडहिंग्लजकडचा एक नवा जवान आहे. परवा त्याने माझा लॅपटॉप उघडलेला पाहिला आणि विचारलं, "साहेब, एवढ्याशा डब्यात काय होतंय? मोबाइल बरा की त्यापेक्षा." त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं इथे लिहितोय. कारण या एवढ्याशा डब्याच्या इतिहासाचं एक मोठं पान डमडमपासून दोन मेट्रो स्टेशनांवर लिहिलं गेलंय, आणि इथे राहणाऱ्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नाही.

डमडमहून दक्षिणेश्वरच्या मेट्रोत बसलात की नोआपाडा आणि मग बरानगर. तिथून बी. टी. रोडवर भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबिस यांची आयएसआय. देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक इथे चालू झाला, १९५६ साली. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच सुमारास देशी बनावटीचा प्रायोगिक संगणक उभा राहत होता आणि पूर्ण 'टिफरॅक' १९६० ला सुरू झाला. पण बरानगरचं यंत्र बाहेरून आलेलं, कामाला जुंपलेलं पहिलं.

महालनोबिसांना ते हवं होतं कारण आकडे साचत चालले होते. १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झालेली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची मांडणी चाललेली, आणि हिशेब करायला माणसं हाताने दांडा फिरवायच्या गणकयंत्रांपुढे बसलेली. १९५३ मध्ये संस्थेतल्याच समरेंद्रकुमार मित्र यांनी दहा चलांची समीकरणं सोडवणारं एक छोटं अॅनालॉग यंत्र बनवलं होतं. त्याने उमेद वाढली, भूक भागली नाही. मग इंग्लंडच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीकडून एचईसी-२एम नावाचा संगणक मागवला. तो १९५५ मध्ये जहाजाने, खोक्यांत भरून कलकत्त्याला आला. किंमत सुमारे दोन लाख रुपये. दहा फूट लांब, सात फूट रुंद, सहा फूट उंच. आमच्या पल्टणीतल्या भाषेत सांगायचं तर चार माणसांचा तंबू. मेमरी म्हणजे फिरणाऱ्या चुंबकी ड्रमवर साधारण एक हजार आकडे.

आता गंमत ऐका. हा तंबूएवढा संगणक त्या काळचा 'छोटा आणि परवडणारा' संगणक होता!

त्याची मूळ कल्पना अँड्र्यू बूथ या माणसाची. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात स्फटिकांच्या रचनेची गणितं करता करता त्याला यंत्राची गरज भासली. युद्ध नुकतंच संपलेलं, सामान मिळत नव्हतं, पैसा बेताचा. मोठ्या विद्यापीठांत मोठे गट पाऱ्याच्या नळ्यांत किंवा टीव्हीसारख्या नळ्यांत स्मृती साठवायच्या खटपटीत होते. ते वेगवान होतं, पण महाग आणि लहरी. बूथने आणि पुढे त्याची पत्नी झालेल्या कॅथलीन ब्रिटन यांनी फिरणारा ड्रम निवडला. ड्रम हळू असतो, आकडा फिरून डोक्याखाली येईपर्यंत वाट बघावी लागते. पण तो स्वस्त, आणि सहसा दगा देत नाही. वेग वगळला, भरवसा ठेवला. १९५१ मध्ये टॅब्युलेटिंग कंपनीला व्यापाऱ्यांना विकता येईल असा स्वस्त संगणक हवा होता, तेव्हा त्यांची दोन-तीन माणसं बूथच्या फेनी कॉम्पटन या खेड्यात गेली, काही दिवस बसून त्याच्या सर्किटांच्या नकला उतरवून घेतल्या, आणि त्यावरून एचईसी उभा केला. मोठ्या प्रयोगशाळेतलं वेगवान यंत्र आपल्याला परवडलं नसतं. खेड्यातल्या काटकसरी माणसाचं यंत्र परवडलं. म्हणजे आपल्या देशातली संगणकाची सुरुवातच मुळी कमी पैशाच्या यंत्रापासून झाली आहे.

बूथची ही रीत सैनिकाला लगेच समजते. दर दोन-तीन वर्षांनी मूव्हमेंट ऑर्डर येते आणि काळ्या ट्रंकेपुढे बसून आपण तेच करतो. काय ठेवायचं हा प्रश्न सोपा असतो, सगळंच ठेवावंसं वाटतं. काय वगळायचं ते ठरवायला वेळ लागतो. छोट्या यंत्राचा सगळा इतिहास मला तरी असाच दिसतो: कोणी काय वगळलं, आणि वगळताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं.

१९७२ मध्ये अमेरिकेत अॅलन के याने 'डायनाबुक'चा निबंध लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मुलं होती. वहीएवढं यंत्र, दप्तरात मावणारं. ते कागदावरच राहिलं. दहा वर्षांनी, १९८२ ला, ग्रिड कंपास आला. मिटणारा पडदा, मॅग्नेशियमचं कवच, वजन पाचेक किलो. याच्या निर्मात्यांनी किंमत हा विचारच वगळला होता, आठ हजार डॉलरच्या वर. घेणारे कोण? अमेरिकेचं लष्कर आणि अंतराळयानं पाठवणारी नासा. उघडून मिटायच्या लॅपटॉपचा आजचा घाट बऱ्याच अंशी तिथून आला, हे आपल्या मंडळींनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे २००१ च्या सुमारास बंगळूरच्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीने सिम्प्युटर पुढे आणला. हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलून दाखवणारा, गावातल्या चारचौघांनी मिळून वापरायचा. २००४ मध्ये त्याची एक आवृत्ती आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून बाहेर पडली. खप काही हजारांच्या पुढे गेला नाही आणि वर्तमानपत्रांनी त्याला अपयशाच्या खात्यात टाकलं. पण त्याच कुळातून लष्करासाठी 'साथी' नावाचं हातातलं यंत्र तयार झालं होतं, पायदळाच्या तुकडीला नकाशावर आपली माणसं दिसावीत म्हणून. अपयशाचा शिक्का मारणाऱ्यांनी तिकडे पाहिलं नसावं.

मग शंभर डॉलरचा लॅपटॉप. अमेरिकेतले निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेली योजना, प्रत्येक मुलाला एक. आपल्या शिक्षण मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला, आधी शाळा आणि शिक्षक हवेत या मुद्द्यावर. तो मुद्दा मला आजही पटतो. तरी २००७ च्या ऑक्टोबरात रायगड जिल्ह्यात कर्जतकडच्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. शाळा जिल्हा परिषदेची, मुलं वीसेक. त्या यंत्रातून काय काय वगळलं होतं पाहा: फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही, धूळ जायला फट नाही. आणि जे ठेवलं ते मोठ्या लॅपटॉपांतही नव्हतं, भर उन्हात वाचता येणारा पडदा. राजस्थानात पोस्टिंग काढलेल्या माणसाला विचारा त्या पडद्याची किंमत! यंत्र शंभर डॉलरला कधीच पडलं नाही, पावणेदोनशेच्या वर गेलं. पण व्यापारी कंपन्यांना धाक बसला. त्याच महिन्यात तैवानच्या असूसने ई पीसी बाजारात आणला, सात इंची पडदा, किलोच्या आत वजन. २००८ च्या जानेवारीत आपल्या एचसीएलने मायलीप आणला, चौदा हजारांच्या आत. त्या वर्षी इंटेलची अॅटम चिप आली आणि पाहता पाहता सगळ्यांनी 'नेटबुक' काढले.

माझा पहिला २००९ चा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. दहा इंची पडदा, एक जीबी रॅम, सव्वा किलो वजन. सीडीचा ड्राइव्ह नाही.

तो घ्यायचं कारण आमचे अण्णा. वडील जंगी पल्टणीत होते, १९७१ ला पूर्व आघाडीवर. ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला पल्टण वाट अडवून बसली होती, त्यात. शरण या म्हणून ब्रिगेडियर क्लेर यांनी पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने कागदात गोळी गुंडाळून उत्तर दिलं, तो किस्सा तुम्ही ऐकलेला असेल. तो पुस्तकांत आहे. अण्णा सांगायचे ते पुस्तकांत नव्हतं. नदी ओलांडताना बुटांचं काय केलं, कोणाच्या अंगात ताप होता, सकाळी धुकं विरल्यावर समोरच्या शेतात काय दिसलं. ते सत्तरीकडे झुकले होते आणि मला वर्षाला दोन महिने सुट्टी. लिहून घ्यायचं तर त्या दोन महिन्यांतच.

गावात तेव्हा भारनियमन, दहा-दहा तास वीज नाही. घरात डेस्कटॉप असता तरी शोभेची वस्तू होता. या डब्याची बॅटरी पाच तास जायची. अण्णा रात्री जेवणानंतर बोलायचे, ओसरीवर, कंदील बाजूला ठेवून. मी बाजेवर मांडी घालून यंत्र मांडीवर. मोठा लॅपटॉप मांडीला चटके देतो, हा कोमट राहायचा. आणि एक गोष्ट मला नंतर कळली: पडदा इतका लहान होता की त्यांचा चेहरा मला त्याच्यावरून दिसत राहायचा. त्यांनाही माझा. मोबाइलवर मान खाली घालून टाइप करणाऱ्या माणसाशी कोण एवढं बोललं असतं?

आता तक्रार. मराठी लिहायला एक्सपीमध्ये एका चौकटीत खूण करावी लागे, ती केली की यंत्र म्हणे विंडोजची सीडी घाला. सीडी घालायची कुठे? दुकानदाराच्या मुलाने सीडीतला फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून दिला तेव्हा देवनागरी उमटली. पडद्याची उंची सहाशे बिंदूंची, त्यामुळे कित्येक खिडक्यांचं 'ओके' बटण पडद्याखाली बुडालेलं असायचं. हे सगळं चालवून घेतलं.

खरा त्रास उजव्या शिफ्टचा. जागा वाचवायला कळफलक आकसला होता. त्यात उजवी शिफ्ट नखाएवढी करून वरच्या बाणाच्या पलीकडे ढकलली होती. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचं फारसं वाटत नाही, मोठी अक्षरं वाक्यात एखाददुसरीच येतात. पण आपला इनस्क्रिप्ट कळफलक अर्धा शिफ्टवर चालतो. अ, आ, इ, उ, ए हे स्वर आणि आपला ण डाव्या हाताच्या कळांवर आहेत, म्हणजे शिफ्ट दाबायची उजव्या हाताने. 'अण्णा' हा एक शब्द लिहायला उजवी शिफ्ट तीन वेळा! बोट बाणावर पडलं की कर्सर वरच्या ओळीत उडी मारायचा आणि 'ण' च्या जागी 'म' तिथे जाऊन पडायचा. वडिलांच्या नावाने सुरू होणाऱ्या प्रत्येक वाक्याला हे व्हायचं. शेवटी डावी शिफ्ट डाव्याच करंगळीने दाबायची सवय लावून घेतली, बोटं ताणून. ज्याने ती कळ आखडली तो काही वाईट माणूस नव्हता. वगळताना त्याच्या डोळ्यांसमोर मराठी लिहिणारं कोणी नव्हतं, एवढंच. खैराटसारख्या शाळांसाठी यंत्र बनवणाऱ्यांनी कळांवर देवनागरीचाही विचार केला होता, ही त्यांची मोठी गोष्ट.

इतिहासाची पुस्तकं नेटबुकला बुडबुडा म्हणतात. २०१० ला आयपॅड आला, मोबाइल मोठे झाले, आणि २०१३ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी नेटबुक बंद केले. विक्रीच्या तक्त्यात ते खरंच आहे. पण माझा डबा त्या तक्त्यात मेल्यानंतर आणखी दहा वर्षं चालला. आझाद हिंद एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर चालला, ईशान्येच्या ओलीत चालला, पठाणकोटच्या थंडीत जरा कुरकुरत चालला. कारण त्याच्या निर्मात्यांनी एक गोष्ट वगळली नव्हती: पोटाखालचे स्क्रू. दोन स्क्रू काढले की रॅम हाती लागायची, आणखी काही काढले की डिस्क. एकाची दोन जीबी रॅम केली. डिस्क आवाज करू लागली तेव्हा एसएसडी घातली. विंडोज जड झाली तेव्हा लिनक्स घातलं. अखेर ३२ बिट यंत्रांसाठी नवी सॉफ्टवेअरं निघेनाशी झाली, तेव्हा तो थांबला. म्हणजे अजून सुरू होतो, फक्त इंटरनेट त्याला झेपत नाही.

अण्णा २०१३ ला गेले. तोवर चौऱ्याहत्तर पानं झाली होती.

या वेळी डमडमला आल्यावर दुसरा घेतला. मेट्रोने सरळ चांदनी चौक. तिथला दुकानदार भला माणूस. मी म्हटलं, "दादा, किलोभर वजन, वीस हजारांच्या आत." त्याने साडेअकरा इंची एक पुढे केला. हल्ली अशी यंत्रं पुन्हा निघू लागलीत, २०२३ ला जिओबुक आला तो ९९० ग्रॅमचा, १६,४९९ रुपयांना. मी घेतला तो दुसरा. पडदा चांगला, शिफ्ट दोन्हीकडे पुरती लांब, बॅटरी आठ तास, पंखा नाही त्यामुळे आवाज शून्य. रात्री बॅरेकमध्ये कोणाची झोप मोडत नाही. (खासगी यंत्र कामाच्या जागी नेत नाही आणि कामाचा एक कागद त्यात नसतो, हे नव्या पोरांनी पाठ करून ठेवा.)

पण "रॅम वाढेल का?" विचारलं तर दुकानदाराने मान हलवली. रॅम बोर्डावर झाळलेली, डिस्कच्या जागी ६४ जीबीची चिप, तीही झाळलेली. अर्धी जागा सिस्टीमनेच खाल्ली आहे. चिप दमली की यंत्र संपलं. या वेळी स्क्रूची सोय वगळली गेलीय. वजन त्यामुळे कमी झालं हे खरं, पण पल्टणीत वाढलेल्या माणसाला उघडता न येणारी वस्तू ट्रंकेत ठेवताना बरं वाटत नाही. रायफलसुद्धा आपण रोज खोलतो.

त्या जवानाला मी सांगितलं ते असं. सिनेमा बघायचा असेल तर मोबाइल पुरे. पण घरी कोणी बोलणारं म्हातारं माणूस असेल आणि ते लिहून घ्यायचं असेल, तर छोटा लॅपटॉप घे. नवाच हवा असं नाही. चांदनीत जुने, ऑफिसांतून बाहेर पडलेले बारा इंची मिळतात, दीड किलोच्या आसपास, पाठ उघडणारे. घेताना दुकानात उभा राहून 'अण्णा' लिहून बघ. तीन वेळा लिही. आणि जे लिहिशील ते युनिकोडमध्ये लिही. आमच्या अण्णांच्या पल्टणीतले एक काका, त्यांच्या नातवाने त्यांच्या आठवणी २००४ मध्ये सायबर कॅफेत टाइप करून घेतल्या, जुन्या फॉन्टमध्ये. ती फाइल आज उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मी ती ओळखून ओळखून पुन्हा देवनागरीत उतरवतोय. एकतीस पानांतली बावीस झाली. काका ब्याऐंशीचे आहेत, नजर अधू झालीय, पण वाचून दाखवलं तर चुका सांगतात. पुढच्या सुट्टीत उरलेली नऊ घेऊन त्यांच्याकडे बसायचंय.

त्या पोराच्या आजोबांनी १९६५ पाहिलंय म्हणे. रविवारी तो आणि मी चांदनीला जातोय.